शून्याचे पेढे

ज्या दुपारी शेजारचे वसंतराव गेले, त्याच संध्याकाळी मी ‘आज जिल्ह्यात मृत्यू शून्य’ असं जाहीर करून गल्लीत पेढे वाटले.

यात माझी बाजू मांडण्यासारखं फारसं काही नाही. पेढे चांगले होते, एवढंच म्हणता येईल. हॉटेलं बंद असल्यामुळं त्या दिवसांत भूमकडचा खवा दारोदार फिरत होता. सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो घेऊन वेलदोडा घालून पेढे वळून ठेवले होते. मी ते जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कागदात बांधले, तोंडाला मास्क लावला, प्रत्येकाच्या कंपाउंडच्या भिंतीवर एकेक पुडी ठेवली, लांबून हाक मारली आणि लांबूनच कारण सांगितलं. वसंतरावांच्या भिंतीवरही ठेवली. त्यांच्या दाराला कुलूप होतं. घरची सगळी मंडळी सोलापूरला दवाखान्यात होती. आल्यावर खातील, म्हटलं.

घरी येऊन हात धुतोय तोवर गल्लीच्या ग्रुपवर, माझ्या ‘अभिनंदन, आज शून्य’ या निरोपाच्या बरोब्बर खाली, वसंतराव दुपारीच गेल्याची बातमी आली. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एका गृहस्थांनी घाईत दोन्ही निरोपांना मिळून एकच अंगठा दाखवला. सकाळी मी भिंतीवरची पुडी उचलायला गेलो, तर तिला मुंग्या लागलेल्या. सुलभा मागून म्हणाली, “राहू द्या आता. तेवढ्या तरी तोंड गोड करतायत.”

दरवर्षी कडुलिंबाला मोहोर आला की त्या पेढ्यांची चव माझ्या जिभेवर येते. मोहोराचा वास कडू की गोड, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. सकाळी अंगणात उभं राहिलं की तो अंगावर पडतो, पांढऱ्या बारीक फुलांचा सडा पायाखाली येतो, आणि मी नकळत शेजारच्या भिंतीकडं बघतो.

आमचं तुळजापूर हे गप्प बसणारं गाव नव्हे. देवीच्या गावाला शांतता मानवत नाही. पहाटे संबळ, मग गाड्यांचे भोंगे, परडी-कवड्यांच्या दुकानांतून येणाऱ्या हाका. त्यात चैत्री पौर्णिमा जवळ आली की येरमाळ्याच्या यात्रेला निघालेल्यांची भर पडते. परवाच एक ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. ट्रॉलीत बायका, पोरं, भाकरीची गाठोडी. पाणी मागायला उतरलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, कुठं निघालात. तर म्हणाली, येडाईचा चुना वेचाय. येरमाळ्याच्या रानात चुन्याचे खडे वेचायचे आणि तिथल्या येडाई देवीच्या नावानं ढिगावर टाकायचे, अशी तिकडची रीत आहे. लाखभर माणसं वाकून एकेक खडा उचलतात. कोण किती उचलतो ते कुणी मोजत नाही. मला ते फार विचित्र वाटतं. मी असतो तर मोजले असते.

त्या वर्षी कुणी वेचायला गेलं नाही. गाव इतकं गप्प झालं होतं की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजू शकायचो. मोजायचोही. मोजणं हा माझा जुना आजार. गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त मास्तराला पगार कमी पडत नाही, वर्ग कमी पडतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेनं मला तो मिळवून दिला, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झालं तसंच.

रोज संध्याकाळी मोबाईलवर जिल्ह्याचा आकडा यायचा. नवे रुग्ण, बरे झालेले, मृत्यू. शाळेतून आणलेले आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून मी बैठकीच्या दारामागं एक तक्ता केला. वर ठळक अक्षरात जिल्ह्याचं नाव. तेव्हा ते उस्मानाबाद होतं. नव्या रुग्णांना निळं पेन, मृत्यूंना लाल. बरे झालेल्यांसाठी हिरवं ठरवलं होतं, पण ते वाळलेलं निघालं आणि दुकानं बंद होती. तेव्हा बरे झालेले तक्त्यावर आलेच नाहीत. नंतर काढू, म्हटलं. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं: आलेखाचं एक घर म्हणजे एक माणूस. पोरांनी आलेखावर प्रमाण लिहिलं नाही तर मी गुण कापायचो.

आकडा आला की मी तो भरायचो आणि दारात उभं राहून गल्लीला त्याचा अर्थ सांगायचो. टीव्हीवर आयपीएल चालू होती, त्यामुळं लोकही आपापल्या ओट्यावरून तसंच विचारायचे, काय मास्तर, आजचा स्कोअर? मी सांगायचो. शिखर जवळ आलंय. हा उतार नव्हे, हे पठार आहे. गणिताचा मास्तर असून मी भूगोलाच्या भाषेत बोलायला लागलो होतो. लोक मान डोलवायचे. वर्गात एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पिठाची गिरणी उघडायची की नाही, पुण्याहून लेकीला बोलवायचं की नाही, हे मला विचारून ठरायला लागलं. आकडा कमी आला की मला बरं वाटायचं. पण खरं सांगायचं तर आदल्या दिवशी मी ‘वाढणार’ म्हटलेलं असलं आणि तो कमी आला, तर तेवढं बरं वाटत नसे.

आमचं घर सोलापूर रस्त्याला लागून. पलीकडं घाट उतरतो. दिवसभर अँब्युलन्स जायच्या. भोंगा आधी डावीकडून यायचा, खिडकीसमोर मोठा व्हायचा आणि घाटात उतरत उतरत बारीक होत जायचा. त्या आवाजानं माझी दुपारची झोप मोडते अशी तक्रार मी सुलभाकडं केली होती. जिल्ह्याचा आकडा माझ्या खिडकीखालून गाडीत बसून परजिल्ह्यात चाललाय, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी दारामागं तोंड करून आलेख काढत होतो.

पेढ्यांच्या त्या दिवशी शून्य का आलं, याचा मी नंतर नीट विचार केला. एक तर आदल्या दिवशी धुळवडीची सुट्टी होती, तेव्हा कुठली तरी नोंद मागं राहिली असणार. दुसरं म्हणजे आमच्या भागातला माणूस जास्त आजारी पडला की सोलापूर नाही तर लातूर गाठतो, ही बापजाद्यांपासूनची रीत. हाड मोडलं, सोलापूर. पोट फुगलं, सोलापूर. तिथं गेलेल्याला कुठल्या जिल्ह्यात धरायचं, त्याचा मेळ लगोलग थोडाच लागतो. हे सगळं मी सुलभाला समजावून सांगितलं. ती गहू निवडत होती.

“मग वसंतरावांना कुठं धरलं?”

“सोलापुरात धरलं असेल सध्या.”

“त्यांनी सोलापुरात घर कधी घेतलं?” ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

माणूस चुकीतून शिकतो म्हणतात. मीही शिकलो. काय शिकलो, ते ऐका. वसंतरावांनंतर मी ओळखीपाळखीतली गेलेली माणसं आठवून पाहिली. जो जो गेला, तो सोलापूरला नाही तर लातूरलाच गेलेला. घरी राहिलेले तापातून उठून हिंडायला लागले होते. सोलापूरचा आकडा आमच्यापेक्षा किती तरी मोठा असायचा. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले, आणि इतका सरळ निष्कर्ष समोर आला की माझाच मला अभिमान वाटला: तिकडं जाणं धोक्याचं आहे. नात्यातल्या लोकांच्या ग्रुपवर मी तक्त्याचा फोटो टाकला आणि खाली आवाजी निरोप जोडला. गेलेल्यांचं प्रमाण पाहता शक्यतो जिल्ह्याबाहेर उपचाराला जाऊ नये, असा त्याचा मतलब. आवाज मी वर्गात लावायचो तसाच लावला होता.

तो निरोप माकणीला पोचला आणि आमच्या दाजींनी तो जपून ठेवला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. माकणीला तेरणेच्या धरणाजवळ त्यांचं रान आहे. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, त्यामुळं मी मास्तर झालो तरी त्यांनी मला कधी मास्तर मानलं नाही. हाक मात्र ‘मास्तर’ अशीच मारतात, चिडवल्यासारखी. त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारलं की ती सगळ्या गोष्टी भूकंपाच्या आधीच्या आणि भूकंपानंतरच्या अशा दोन भागांत सांगतात. दाजींचंही तसंच. त्या पहाटे ते रानात राखणीला होते म्हणून वाचले. त्यांची आई घरात होती, मातीचं माळवद तिच्या अंगावर आलं. तेव्हापासून डोक्यावर जड काही असलं की दाजींना झोप येत नाही. नंतर नवं घर मिळालं, त्याला स्लॅब होता. अक्का स्लॅबखाली झोपते, दाजी बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. पावसात पत्रा वाजतो, उन्हात तापतो, पण पडला तर मरणार न्हाय, असा त्यांचा हिशेब.

चैत्रातच त्यांना ताप आला. आधी दोन-तीन दिवस त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. मग धाप लागायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं आणि म्हणाले, इथं ठेवू नका. उमरग्याला जागा नव्हती, लातूरला नव्हती. भाच्यानं, विकासनं, सकाळपासून फोन लावून लावून सोलापूरच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनची एक जागा धरून ठेवली. दवाखान्यानं सांगितलं, संध्याकाळपर्यंत आलात तर तुमची. गाडी दारात आली. आणि दाजी शेडमधल्या बाजेवर उठून बसले आणि म्हणाले, येत न्हाय.

कारण विचारलं, तर त्यांनी मोबाईल काढला आणि माझा निरोप लावला. शेजारचे आले, त्यांनाही लावून दाखवला. डॉक्टर आले, त्यांनाही. “मास्तर म्हणतोय, तिकडं गेलेलं माघारी येत न्हाय. त्यो काय अडाणी हाय व्हय?” धाप लागत होती, पण एवढं वाक्य ते पूर्ण करायचे, असं विकासनं नंतर सांगितलं.

दुपारी अक्काचा फोन आला. अक्का कधी रडत नाही; ती बोलते तेव्हा एखादं काम अडलेलं असतं.

“बापू, ह्यांना तू सांग. माझं ऐकंनात. तुझं बोलणं लावून लावून दावायलेत सगळ्याला.”

मी म्हणालो, काय सांगू?

“म्हण, त्ये मागचं चुकलं. आता जावा.”

इथं खरं तर काही विचार करायचा नव्हता. पण मी केला. “अक्का, चुकलं कसं म्हणू? आकडा हाय त्यो,” असं मी म्हणालो. वर हेही सांगितलं की आजचा सोलापूरचा आकडा अजून यायचाय, तो बघून संध्याकाळी कळवतो. खोटं सांगायला माझी जीभ वळत नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे मी जा म्हटलं आणि तिथं काही झालं तर, ही भीती. ती मी तत्त्वाच्या खाली झाकली होती. फोनमधून म्हशीचं हंबरणं ऐकू आलं, गाडीचं इंजिन चालू असल्याचं ऐकू आलं. मग अक्का “बरं” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या दुपारी मी काय केलं, तर तक्त्याच्या कडा सुटल्या होत्या, त्या डिंकानं चिकटवल्या.

ऊन उतरताना विकासचा फोन आला. गाडीतूनच बोलत होता. “मामा, नळदुर्ग सोडलं. बाबा बसले.”

“कसे काय बसले?”

“आई शेडात गेली आन् म्हणली, बापूचा फोन आलता, आज सोलापुरात शून्य हाय. बाबा तिच्याकडं बघत बसले जरा. मग म्हणले, जोडं कुठायत माजं?”

पहिल्यांदा मला काय वाटलं, ते सांगून टाकतो, नाही तर बाकीच्या लेखाला अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. आपल्या नावावर एक चुकीचा आकडा गेला, याचा मला राग आला. मी मोबाईल उघडून सोलापूरचा त्या दिवसाचा आकडा पाहिला. तो शून्य नव्हता, शून्याच्या आसपासही नव्हता. विकासला फोन लावून दुरुस्ती सांगावी, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे सुलभाला अजून माहीत नाही. आता वाचून कळेल.

पुढचे दिवस मी गल्लीला अर्थ सांगितला नाही. आकडा यायचा तसा येत होता, पण आता मी आमच्या जिल्ह्याच्या आधी सोलापूरचा बघायचो. मजा अशी की तो मोठा आहे की लहान, वाढला की घटला, याचं मला काहीच वाटेनासं झालं. शिखर, उतार, पठार, सगळं आपापल्या जागी राहिलं. जिथं आपला माणूस असतो त्या आकड्याला दोनच किमती असतात: तो त्यात आहे, किंवा तो त्यात नाही. एवढं सोपं गणित मी कुणाला शिकवलं नव्हतं आणि मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग साहजिकच असं मनात यायचं की बाकीची सगळी घरंही कुणी तरी याच रीतीनं वाचत असणार. मी लाल पेनानं भरलेलं प्रत्येक घर. प्रमाण तर मीच लिहिलं होतं.

सोलापूरला गेलेले मरतात, हा माझा निष्कर्ष कुठं चुकला, तेही त्याच दिवसांत एकदा दात घासताना कळलं. जास्त झाल्याशिवाय तिकडं कुणी जातच नव्हतं. पूर्वी एक पालक मला पटवून देत होते की गुरुजी, शिकवणीला जाणारी पोरंच जास्त नापास होतात, तेव्हा शिकवणीनंच पोरं बिघडतात. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. ते गृहस्थ आता भेटले तर मी त्यांना चहा पाजीन.

एका संध्याकाळी आमच्याच जिल्ह्याचा आकडा एकदम असा काही उसळला की लाल रेघ कागदाच्या बाहेर गेली. कारण नसताना मी अक्काला फोन लावला. विचारायचं ते विचारता येईना, म्हणून धरणात पाणी किती आहे, असं विचारलं. ती म्हणाली, “पेज प्यालेत आज. वाटीभर.” मी बरं म्हटलं. पाण्याचं तिनं सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. मग आकड्याखालची बारीक ओळ वाचली. मागं राहिलेल्या नोंदी त्या दिवशी धरल्या होत्या. म्हणजे निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या गावात गेलेली माणसं त्या संध्याकाळी सगळी एकदम जिल्ह्यात परत आली होती. मी त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिलो. यातलं एक घर वसंतरावांचं असेल का? दरवर्षी देवीच्या नवरात्रात बाहेरगावी गेलेली मंडळी परततात, तसे तेही परतले असतील का? कोणतं घर, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी सगळ्यांत खालचं धरलं. ते शिस्तीचे होते. रांगेत पुढं घुसले नसते.

वसंतरावांच्या पत्नी, कमलवहिनी, त्या वर्षीच्या दिवाळीत भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही म्हणे पेढे वाटले होते. आमचे राहिले.” चेहरा नेहमीसारखा होता. त्या रागावल्या होत्या, थट्टा करत होत्या, की राहिले होते म्हणून राहिले म्हणत होत्या, याचा अर्थ मला लावता आला नाही. पेढे मात्र त्यानंतर आमच्या घरी वळलेले नाहीत.

दाजी परत आले. गालफडं आत गेलेली, कंबरेला करगोटा सैल झालेला. मी भेटायला गेलो, तर करोनाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. सगळी तक्रार इमारतीची. “तीन मजले डोक्यावर, मास्तर. रात न् दिस आपलं छताकडं बघत पडायचं. त्या आजारानं न्हाय, स्लॅबनं मेलो असतो.” मग आलेल्या-गेलेल्यांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, ह्याच्या शून्यानं वाचलो बरं का. लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. अक्का चुलीकडं तोंड करून असायची. मीही खालमानेनं हसायचो, थोर माणसं हसतात तसं. ही थोरवी मी त्यानंतर कैक लग्नांत आणि बारशांत उपभोगली. एकदा तर कुणी तरी मला टोपी घातली.

दाजी घरी आल्याच्या दिवशी तक्त्यावर त्यांची नोंद करावी, असं मला वाटलं होतं. हिरवं पेन नव्हतंच. निळ्या ठिपक्यावर ओली हळद लावली तर हिरवा होईल, असा विचार करून लावली. तो वाळल्या मेंदीसारखा काळपट झाला. माझ्या तक्त्यावरचा बरा झालेला एकुलता एक माणूस म्हणजे आमचे दाजी, आणि तेही डाग पडल्यासारखे. मागं घराला रंग दिला तेव्हा सुलभानं विचारलं, हा ठेवायचा का? मी काही बोलायच्या आत रंगाऱ्यानं खालचं टोक धरून ओढला. रंगाचे पोपडे त्याच्याबरोबर निघाले. जिल्ह्याचं नावही एव्हाना बदललं होतं.

यंदा चैत्रात माकणीला गेलो होतो. शेडच्या सावलीत अक्का चिंचा फोडत बसली होती. टरफलं एकीकडं, चिंचोके एकीकडं, आणि हाताला ती चिकट, आंबट तपकिरी. धरणाकडून वारा येत होता, कडुलिंबाचा मोहोर बाजेवर पडत होता. दाजी बाजेवर, मी खुर्चीत. मी मोबाईलवर हवामानाचा अंदाज काढला होता आणि यंदा पाऊस कसा होईल, त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगत होतो. दाजी बैलाच्या म्होरकीचा पीळ सोडवत होते. माझ्याकडं बघतही नव्हते. मला ते लागलं.

मी म्हणालो, “ऐकत जावा दाजी माझं. एकदा ऐकलंत म्हणून आज इथं बसलाय.”

अक्काचा हात चिंचेवर थांबला.

“कवा ऐकलं?” दाजी म्हणाले.

“सोलापूरला जाताना. माझं शून्य ऐकूनच तर गाडीत बसलात.”

दाजींनी म्होरकी खाली ठेवली. “मास्तर, त्ये शून्य हिनं केलतं. मला काय कळत न्हाय व्हय?” अक्कानं मान वर केली नाही. “ही बाई आख्ख्या संसारात माझ्यासंगं एकदाबी खोटं बोलली न्हवती. त्या दिशी बोलली. म्हटलं, हिच्यावर खोटं बोलायची पाळी आली म्हंजी आपलं लईच झालंय. म्हून उठलो.”

अक्का म्हणाली, “कळलं होतं तर इतकी वर्सं बोलला का न्हाय?”

“तू तरी कुठं बोललीस?”

ती परत चिंचा फोडायला लागली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, पण टरफलं जरा लांब लांब उडायला लागली होती.

मी अजून माझ्याच जागी अडकलो होतो. विचारलं, मग माझा तो निरोप? तो का सगळ्या गावाला लावून दाखवत होता?

“मला त्या मजल्याखाली जायचं न्हवतं. तसं म्हणलं असतं तर लोक हसले असते. तुझं नाव बरं पडलं सांगाय. आल्यावरबी त्येच सांगितलं, हिचं खोटं झाकाय.”

विकासची बायको चहा ठेवून गेली. मी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसलो. इतकी वर्षं मी या एका गोष्टीची दोन्ही बाजूंनी बेरीज करत आलो होतो; कधी वाटायचं आपण यांना मारत होतो, कधी वाटायचं आपल्या नावानं का होईना, वाचवलं. दोन्हींतलं एक तरी माझ्या खात्यात असेल, असं मी धरून चाललो होतो. मी म्हणालो, “म्हणजे दाजी, माझ्या आकड्यांचं...”

“तुझ्या आकड्यानं कुणी मेलं न्हाय मास्तर, आन् कुणी वाचलंबी न्हाय. च्या पी, साय धरायलीय.”